आधी सलाम कोणाचा?

युद्ध ऐन भरात असताना दोन इंग्रज ॲडमिरलांची जहाजं बंदराच्या तोंडाशी समोरासमोर अडली. रिवाज असा, की कनिष्ठाने आधी सलाम ठोकायचा आणि मगच वाट मागायची. पण दोघांना बढती मिळालेली एकाच दिवशी! मागे अख्खं आरमार खोळंबलं. शत्रूच्या पाणबुड्या जवळ येत होत्या, आणि एका ॲडमिरलाच्या हाताखालचा तरुण अधिकारी पिंकनी समोर निरोप पाठवायला सज्ज उभा होता.

"त्याला कळव, ज्येष्ठ मीच!" त्याचे साहेब गरजले.

"कळवतो, साहेब. फक्त पेन्शनीत आधी ज्येष्ठालाच काढतात."

साहेबांनी खाडकन सलाम ठोकला. त्याच क्षणी समोरूनही सलाम आला. तिकडेही कोणी पिंकनी असावा.

जहाजं सुटली. पण सलामाचा हात आधी ज्येष्ठाने खाली घ्यायचा असतो. त्यामुळे त्या दिवशी दोन्ही ॲडमिरल डाव्या हाताने जेवले.