सगुणाईची चुंबळ

फार वर्षांपूर्वी, काडेपेटी अजून जन्मायची होती तेव्हा, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या शिरटेक गावात चुलीतला विस्तव कुणी विझू देत नसे. रात्री निखारा राखेत झाकायचा, पहाटे राख बाजूला सारून फुंकर घालायची. एखाद्या घरचा विझलाच, तर त्या घरची बाई करवंटी घेऊन शेजारी जायची आणि शेजारीण दोन निखारे द्यायची. त्याला नाही म्हणायची रीत नव्हती. म्हणूनच कुणाला जिवंतपणी मारायचं असलं, तर गावाला तेवढं एकच नाही म्हणावं लागायचं.

बायजाला शिरटेकनं तसं मारलं.

बायजा विधवा होती. घरात ती आणि तिची तरणी लेक सगुणा, दोघीच. त्या वर्षी देवराईतला जुना हिरडा कुणीतरी तोडला. देवराईतली काटकी उचलायलाही मनाई, आणि इथं तर अख्खा हिरडा आडवा. पंचांनी बाळकू गुराख्यावर आळ घेतला, कारण बाळकूच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. तेव्हा भरल्या गावात बायजा उठली.

"बाळकूनं नाय तोडला. कुऱ्हाड हिरोजी आज्याच्या लेकाच्या हातात होती. म्या माझ्या डोळ्यांनी बघितली."

हिरोजी हा पाच पंचांतला थोरला. त्यानं लेकाला विचारलं नाही, बाळकूला विचारलं नाही. त्यानं बायजाचं विस्तव-पाणी बंद केलं. बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. खरं बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं तर आधी त्याची चूल बंद करावी, एवढी अक्कल म्हाताऱ्यांना होती. न्याय करायची नव्हती.

पाणी सगुणा लांबच्या झऱ्यावरून आणी. विस्तवाचं काय करणार? तिनं गारगोट्या घासून चूल पेटवली. छपरातून धूर निघाला तशी हिरोजीची माणसं आली आणि चुलीत घागर ओतून गेली. पुन्हा पेटवली, पुन्हा ओतली. पौषातली थंडी. नाचणीचं कच्चं पीठ गार पाण्यात कालवून मायलेकी खात. मग बायजाच्या छातीत कफ भरला आणि पीठही तिच्या घशाखाली उतरेना. "गरम पेज घोटभर मिळाली असती तर..." एवढं म्हणून ती थांबली. सगुणानं ते ऐकलं आणि ती पाराकडे चालू लागली.

आता पाराची गोष्ट सांगायला हवी. शिरटेकच्या पिंपळाखाली पाच दगडी आसनं होती आणि त्यांवर पाच पंच बसत. तिथं बसायला वय चालत नसे, जमीन चालत नसे. घळ चाललेली असावी लागे. गावाच्या पश्चिमेला डोंगर वरपासून खालपर्यंत चिरलेला आहे, ती अंधारघळ. दोन्ही कडे इतके जवळ की आतून आभाळ म्हणजे एक दोरी दिसते. आत घराएवढे धोंडे, पावसाळ्यातल्या पुरानं गुळगुळीत केलेले टप्पे आणि मधे गळ्याएवढ्या पाण्याचं काळं टाकं. खाली पायथ्याला घळाई देवीचं ठाणं. तिथली धुनी कधी विझत नाही.

रीत अशी होती. दिवस उगवताना घळीत उतरायचं. धुनीतला विस्तव घ्यायचा. दिवस मावळायच्या आत त्याच घळीतून वर यायचं. आणि टाक्याच्या वर, पुराचं पाणी पोचत नाही अशी एक कपार आहे, तिच्यात साक्षीचा एक दगड ठेवायचा आणि मेलेल्या पंचाचा दगड असेल तो टाक्यात टाकायचा. हे ज्यानं केलं त्याला पारावर बसायचा मान. त्याच्या चुलीत घळाईचा विस्तव, म्हणून त्या चुलीवर कुणाही माणसाचा हात चालत नाही.

पाचही पंच घळ चाललेले होते. ते स्वतःच तसं सांगत. दर शिमग्याला सांगत, आणि ऐकताना कुणा पोराला जांभई आली तर त्याच्या कानाखाली आवाज निघे.

सगुणा पारापुढं उभी राहिली. "घळाईचा विस्तव म्या आणला तर आईची चूल चालू राहील?"

पंच हसले. एकजण म्हणाला, "पोरी, लुगडं सावरशील का घळ उतरशील?"

"तुम्ही धोतर सावरलंतच की, आजा."

हसू थांबलं. हिरोजी म्हणाला, "आण की. आणलास तर आम्ही पाचजण तुझ्या आईच्या चुलीला हात जोडू." आणि त्यानं घाटवाटेवर दोन माणसं बसवली, पोरीनं सोप्या वाटेनं जाऊन लबाडी करू नये म्हणून. ती वाट त्याच्या चांगली ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी सूर्यानं डोंगराला हात लावला आणि सगुणा घळीत उतरली. सगळं गाव तोंडाशी उभं होतं, पण कुणी तिच्याशी बोललं नाही. तिच्याजवळ एक जाड मडकं होतं, मडक्यात राख आणि गोवऱ्या, आणि डोक्यावर आईच्या जुन्या लुगड्याची चुंबळ.

घळ पहिल्यांदा माणसाचा आवाज काढून घेते, असं म्हणतात. सगुणानं आईला हाक मारून बघितली आणि तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. मग ती उगीच दम घालवेना. धोंड्यांवरून बसत, घसरत, कुठं पोटावर सरकत ती उतरत राहिली. गुळगुळीत टप्प्यांवर तिनं बोटांनी खाचा चाचपल्या. गुडघे सोलले, तळव्यांची सालं गेली. ती मनाशी एकच म्हणत होती: पाच म्हातारे इथून गेले, मग मी का नाही?

टाक्याशी पोचल्यावर तिला कपार दिसली. ती वर चढली आणि तिनं आत पाहिलं.

आत एकही दगड नव्हता. वीतभर धूळ होती. धुळीवर माणसाच्या बोटाचाच काय, पाखराच्या पायाचाही ठसा नव्हता.

सगुणा तिथंच बसली. राग नंतर आला. आधी भीती आली. आजवर तिच्या पुढं पाच माणसं चालत होती. आता पुढं कुणीच नव्हतं. जी वाट कुणी चाललंच नाही, ती चालता येते हे तिला कुणी सांगावं? परत फिरली असती तर कुणी दोष दिला नसता. परत फिरलेल्यांचीच तर गावावर सत्ता होती.

ती खाली आली, टाक्यात हात घालून तिनं एक काळा दगड काढला, पुन्हा चढून ओलाच कपारीत ठेवला आणि मग ती पाण्यात उतरली.

पायथ्याला धुनीपाशी एक म्हातारी गुरवीण बसली होती. घळीतून बाई बाहेर पडलेली बघून ती उठून उभी राहिली.

"वरून आलीस? घळीतून? अगं, शिरटेकची माणसं घाटानं येतात, प्रसाद खातात, विस्तव घेऊन घाटानंच जातात. माझ्या सासूनंसुद्धा घळीतून कुणाला येताना बघितलं नव्हतं." तिनं निखारे गोवऱ्यांत रचले, वर राख लोटली आणि म्हणाली, "रात्र काढ इथं. हाडं मोडून घेशील."

"आई गार पडलीय," सगुणा म्हणाली. उभ्यानंच ती ओंजळभर पाणी प्यायली आणि तिनं मडकं डोक्यावर घेतलं.

चढण ती चढण. वर जाताना दोन्ही हात कड्याला लागतात, म्हणून तिनं पदराची पट्टी फाडून डोक्यावरचं मडकं हनुवटीखाली गाठ मारून बांधलं. टाक्यात गळ्याएवढं पाणी, लुगडं चिंब, आणि पाण्याच्या वर फक्त तिचं तोंड आणि विस्तव. घळीत दुपारनंतर वारा सुटतो. तो धुराड्यासारखा खालून वर ओढतो. त्या वाऱ्यानं गोवऱ्या भराभर जळू लागल्या. अर्ध्या चढणीवर तिनं राख सारून पाहिलं, तर निखारा हरभऱ्याएवढा उरलेला. आसपास फक्त ओले धोंडे. अंगावरचं लुगडं भिजलेलं. घळीत गवताची काडी नाही.

कोरडी होती ती एकटी चुंबळ.

सगुणानं चुंबळ काढली. तिची एक चिंधी निखाऱ्याला दिली, थोडं चढली, दुसरी दिली. आता तापलेलं मडकं आणि तिचं डोकं यांच्यामध्ये काही नव्हतं. केस करपले. मग कातडी करपली. ती ओरडली असेल, पण घळ आवाज काढून घेते. कडे थोडे जवळ सरकले, तिला दोन्हीकडे पाय रोवता यावेत म्हणून, असं म्हणतात. सूर्य मावळतीच्या कड्यावर ओठंगून उभा राहिला, असंही म्हणतात. राहिला असेल. त्या दिवशी गावापेक्षा त्याला जास्त लाज होती.

शेवटची चिंधी संपत आली तेव्हा सगुणाचं डोकं घळीच्या तोंडातून वर आलं. मडक्यातून धूर निघत होता. उन्हाची एक पट्टी अजून धोंड्यावर होती.

पाचही पंच पुढं उभे होते. हिरोजीनं मडक्यात वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण म्हातारा हार मानायचा नाही. तो म्हणाला, "आतच कुठं गारगोटी घासून बसली असशील. घळ चालल्याची साक्ष काय?"

"कपारीत दगड ठेवलाय."

"मग तिथं आणखी किती दगड होते ते सांग! गेली असशील तर सांगशील!"

सगुणा बोलली नाही. तिला उभं राहणंच जड जात होतं. हिरोजीला वाटलं, सापडली. तो गावाकडे वळून ओरडला, "बघा! हिला ठाऊक नाय! चार दगड आहेत तिथं, चार!"

 सगुणानं हळूच विचारलं, "पंच तर पाच हायेत, आजा. पाचवा कुणाचा नाय?"

 हिरोजीनं बाकीच्या चौघांकडे पाहिलं. त्या चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं, आणि प्रत्येकाला तेव्हा कळलं. प्रत्येकजण जन्मभर समजत होता की आपण एकटेच लबाड, बाकीचे चौघे खरे. एकमेकांच्या भीतीनं ते पाच खोटारडे त्या पारावर ताठ बसले होते, आणि त्या ताठपणाला गाव न्याय म्हणत होतं.

"तिथं एकच दगड हाय," सगुणा म्हणाली. "अजून ओला असेल. ज्याला बघायचाय त्यानं चला, म्या पुन्हा उतरते."

कुणी हललं नाही. ती गर्दीतून घरी गेली. तिनं चूल पेटवली, पेज केली आणि आईला घोट घोट पाजली. बायजानं डोळे उघडले, लेकीच्या डोक्याला हात लावला, आणि तिच्या हाताला जे लागलं त्यानं ती रडली. त्या चुलीवर पाणी ओतायला कुणी आलं नाही.

त्या रात्री शिरटेकच्या बायांनी आपापल्या चुलीत पाणी ओतलं, असं म्हणतात. पहिलं ओतलं ते हिरोजीच्या बायकोनं. मग एकेक बाई करवंटी घेऊन बायजाच्या दारात उभी राहिली. ज्यांनी इतके दिवस खिडक्या लावून घेतल्या होत्या, त्याच या बाया. सगुणा वाट अडवून उंबऱ्यात उभी राहिली. पण बायजा आतून म्हणाली, "दे गं. नाय म्हणायची रीत नाय." आणि सगुणानं दिले, प्रत्येकीला दोन निखारे. हिरोजीच्या बायकोलाही.

बाळकूवरचा आळ दुसऱ्या दिवशी उठला. सगुणाला पारावर बसायला बोलावलं, ती गेली नाही. तिच्या डोक्यावर मडक्याच्या बुडाएवढ्या जागी पुन्हा केस आले नाहीत. म्हातारी होईतो दर पौषात ती एकदा घळ चाले. एका पौषात उतरली ती वर आली नाही. गुरविणीच्या सुनेनं तिला धुनीपाशीही पाहिलं नाही. थंडीत त्या कपारीतून धुराची रेघ निघते, ती तिची चूल, असं म्हणतात. धुकं असेल. पण बोट दाखवताना शिरटेकचा माणूस आवाज खाली आणतो.

आजही शिरटेकचे म्हातारे ही गोष्ट सांगतात, पण पंचांनी सगुणाईला आशीर्वाद देऊन पाठवलं असं सांगतात. दिला नव्हता. पार अजून आहे, पाच आसनं आहेत, त्यांवर कुणी बसत नाही. आमच्या वेळी असं होतं, असं कुणी फार बोलू लागलं की शिरटेकची पोरं विचारतात, "आजा, तुमचा दगड कुठला?"

कपारीत आता दगडांचा ढीग आहे. पौषात एक दिवस ठरवून बाया आणि पोरं घळ उतरतात, धुनीतला विस्तव घेतात आणि चुंबळ न ठेवता मडकं आळीपाळीनं डोक्यावर घेत वर आणतात. घरोघरी गॅस आलाय, विस्तवाची कुणाला गरज नाही. तरी त्या संध्याकाळी गावातल्या शेगड्या बंद असतात. आणि पहिले दोन निखारे त्या घरी जातात, ज्या घराशी त्या वर्षी गाव बोलत नसतं. नेणारी बाई दारात उभी राहते. आतली बाई करवंटी पुढं करते.