पहिलं उंबर

फार जुनी गोष्ट. सह्याद्रीतल्या एका देवराईत, बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याच्या मादीने अंडी घातली. रीतीप्रमाणे तिने आतून चिखलाने ढोलीचं तोंड लिंपलं आणि चोचीपुरती फट ठेवली. तिची पिसं झडली होती, त्यामुळे उडता येत नव्हतं. धनेश रोज त्या फटीतून तिला उंबरं भरवायचा.

पिल्लं जन्मली आणि धनेश यायचा थांबला. त्याचं काय झालं, कुणालाच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लांचा आवाज क्षीण झाला.

"भिंत फोड, बाई," खालच्या फांदीवरून घोरपड गोड आवाजात म्हणाली. "आत बसून लेकरं उपाशी मारणार आहेस का?"

मादीने भिंतीवर चोच मारली. चिखलाचा तुकडा पडून भगदाड झालं. घोरपड वर सरकली.

"थांब!" शेजारच्या झाडावरून शेकरू ओरडला. या जोडप्याने त्याला उंबराच्या झाडावरून कैकदा हुसकावलं होतं. "बाहेर आलीस तर संपलीस!"

"मग भरवणार कोण? तू?"

शेकरू उड्या मारत निघून गेला. घोरपडीची जीभ भगदाडातून आत वळवळली. पिल्लं मागे सरकली.

तेवढ्यात शेकरू वरच्या फांदीवरून उलटा लोंबकळला आणि त्याने फटीतून एक पिकलं उंबर आत ढकललं. "आणखी आणतो," म्हणत तो पळाला.

पिल्लांनी चोची उघडल्या. मादीने ते उंबर चिरडलं आणि त्याचा चिकट गर भगदाडात घट्ट लिंपला. घोरपडीची जीभ बाहेरच अडली.

"दम धरा, बाळांनो," ती म्हणाली. "तो येतोय."

दुसरं उंबर आलं, ते पिल्लांनी खाल्लं.