मशीनचा चहा

"मग तुम्हीच सांगा चाचा, आता बंद करण्यासारखं राहिलंय तरी काय?"

चारुतानं विचारलं. कासीमचाचा दारात उभे राहून जनरेटरचा आवाज ऐकत होते.

खाडीकाठच्या त्या मत्स्यकेंद्रात सकाळपासून वीज नव्हती. वाऱ्यानं खांब आडवा पडला होता आणि वायरमन सांगून गेला होता की दिवेलागणीपर्यंत काही आशा धरू नका.

केंद्राकडे जनरेटर होता. पण इथली यंत्रं सांभाळणाऱ्या चारुता ओगलेनं बसवलेली पेटी त्याला मानायला तयार नव्हती.

ही पेटी म्हणजे चारुताचा जीव की प्राण. टाक्यांतलं पाणी किती गरम, किती खारं, त्यात हवा किती, हे ती क्षणाक्षणाला बघायची आणि त्याप्रमाणे पंप चालवायची. पेटीच्या आधी होता यूपीएस. जनरेटरची वीज आली की तो ती हुंगायचा, नाक मुरडायचा आणि परत आपल्या बॅटरीवर जायचा. वर टीं टीं करून बोंबलायचा तो वेगळाच.

सकाळी एकदा तिनं यूपीएस बाजूला काढून पेटी थेट जनरेटरला जोडून पाहिली होती. पेटी दोनदा बंद पडली आणि सगळे पंप थांबले. पंप हातानं चालवायचीही सोय नव्हती. "माझी पेटी असताना हे कशाला हवेत," असं म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांचे प्लग तिनंच कापून टाकले होते.

बॅटरीत आता बावीस मिनिटं उरली होती.

केंद्राच्या प्रमुख शालनमॅडम सकाळपासून सात नंबरच्या टाकीसमोरून हलल्या नव्हत्या. त्या टाकीत एक नर समुद्रघोडा होता, पोट टच्च फुगलेला. समुद्रघोड्यांत पोरं पोटात वाढवतो तो बाप. तीन वर्षांत इथला एकही बाप सुखरूप बाळंत झाला नव्हता. हा आज होणार होता.

"पाणी दहा मिनिटं जरी थांबलं ना, तरी..." एवढं बोलून मॅडमनी पुन्हा टाकीवर डोळे लावले होते.

चाचांना त्यांनीच निरोप धाडला होता. कासीम होडेकर, चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस. लुंगी, पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. चारुताला हे मुळीच रुचलं नव्हतं. जिथं आपला मीटर हरला तिथं हा म्हातारा काय दिवे लावणार, असं तिला वाटत होतं आणि ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसतही होतं.

"बाई," चाचा म्हणाले, "काय काय बंद केलंत?"

"एसी सुरू झाला की वीज दचकायची. म्हणून आधी एसी. मग ऑफिस, पंखे, फ्रीज, अंगणातला मोठा पंप. आता जनरेटरवर म्हणण्यासारखं काहीच नाही. तरी हे बघा."

तिनं मीटर पुढे धरला. विजेच्या फ्रिक्वेन्सीचा आकडा पन्नासावर ठाम हवा होता. तो अठ्ठेचाळीस... बावन्न... सत्तेचाळीस... असा झोके घेत होता.

"मीटर हलतोय की हात?"

चारुतानं हात मागे घेतला. तो सकाळपासून थरथरत होता आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती सारखं काहीतरी हातात धरून होती.

चाचा जनरेटरपाशी गेले. तळहात त्याच्या अंगावर टेकवला आणि डोळे मिटले. आवाज वर चढत होता, खाली येत होता. वर... खाली...

"दमलाय का हो तो?" शालनमॅडमनी आतून विचारलं.

"नाही. काम नाही त्याला."

चाचांनी पिशवी जमिनीवर ठेवली. आता पाना निघेल, पक्कड निघेल, असं चारुताला वाटलं. निघाली शेगडी. जुनी, कॉइलची. तिच्यामागून काळवंडलेली किटली. मग चहाची पुडी आणि आल्याचा एक तुकडा.

चारुता बघतच राहिली.

"हे काय?"

"चहा."

"आत्ता?"

"बोटीवर आमची रीत होती. जनरेटर सुरू केला की पहिला चहा मशीनचा. तो उकळेपर्यंत कप्तानाच्या खोलीत दिवासुद्धा लावायचा नाही."

"अहो चाचा, सगळं काढून घेतलं तरी ह्याला उभं राहता येत नाहीये. आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर दोन हजार वॅटची शेगडी ठेवताय?"

"हो."

"मरेल तो."

चाचांनी किटलीत पाणी ओतलं.

"किती राहिली गं?" आतून मॅडमचा आवाज आला.

"चौदा मिनिटं."

चाचांनी किटली शेगडीवर ठेवली.

चारुतानं बटणांच्या फळ्याकडे पाहिलं. सगळी बटणं बंद होती. सकाळपासून ती एकच काम करत आली होती आणि आता ते कामसुद्धा संपलं होतं. हे कबूल करणं तिच्या जिवावर आलं. पण ती दारातून बाजूला झाली.

चाचांनी शेगडीची वायर लावली.

जनरेटर घुसमटल्यासारखा खाली गेला. धुरांड्यातून काळा धूर निघाला.  संपलं, असं चारुता मनातल्या मनात म्हणालीसुद्धा.

मग आवाज वर आला. पण आधीइतका वर गेला नाही. खाली आला, तोही आधीइतका खाली नाही.

एकोणपन्नास... एक्कावन्न... एकोणपन्नास...

यूपीएसचं टीं टीं चालूच होतं. शेगडीची कॉइल लाल होत गेली. चाचा किटलीच्या झाकणावर आलं ठेचत बसले होते, जणू घरी आलेल्या पाहुण्याचीच तेवढी काळजी.

चारुता मीटरकडे बघत होती. मग शेगडीकडे. मग परत मीटरकडे.

"एसीनंही ओझंच टाकलं होतं की. तेव्हा तर वीज बिघडली."

"तो येतो आणि जातो," चाचा म्हणाले. "शेगडी आली की राहते."

ती क्षणभर उभी राहिली. आणि एकदम पळत सुटली.

परत आली ती न्हाणीघरातली पाण्यानं भरलेली बादली आणि पाणी तापवायचा रॉड घेऊन. पाणी हिंदकळून सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती. चाचांनी रॉड आणायला सांगितलं नव्हतं. आता तिला अडवलंही नाही.

रॉड बादलीत सोडून तिनं स्वतःच्या हातानं बटण दाबलं.

जनरेटर एकदा हुंकारला. आणि मग त्याचा आवाज सरळ झाला. वर नाही, खाली नाही. नुसता एक आवाज.

पन्नास.

पन्नास.

पन्नास.

यूपीएसनं वीज हुंगली... थांबला... पुन्हा हुंगली... आणि आतून कट् असा आवाज आला. टीं टीं बंद झालं. बॅटरीत सहा मिनिटं शिल्लक होती.

चारुतानं भिंतीला पाठ टेकली. सबंध दिवसात तिला पहिल्यांदाच टाक्यांतल्या पाण्याचा आवाज ऐकू आला.

"चारुता," शालनमॅडम आतून अगदी हळू म्हणाल्या, "इकडे ये. पाय वाजवू नकोस."

सात नंबरच्या टाकीत त्या बापानं शेपटीनं एक दोरी घट्ट धरली होती. तो पुढे वाकला, मागे ताणला गेला, पुन्हा वाकला. पोटावरची पिशवी उघडली आणि तिच्यातून पाण्यात काहीतरी उडालं, भाताच्या तुसाएवढं. ते उलगडलं. त्याला तोंड होतं, मान होती, वळलेली शेपटी होती. हुबेहूब बापासारखा घोडा, नखावर मावेल एवढा.

मग दुसरा. मग एकदम वीस-पंचवीस.

बाप वाकत होता आणि पाणी पोरांनी भरत चाललं होतं. धरायला काहीच मिळालं नाही तेव्हा दोन पिल्लांनी एकमेकांच्या शेपट्याच धरल्या.

शालनमॅडम रडत होत्या आणि डोळे पुसतही नव्हत्या. चारुताला वाटलं, आपण इतके दिवस ह्या टाकीतलं पाणी मोजलं, हवा मोजली, मीठ मोजलं, आणि टाकीत नेमकं काय आहे ते आज पहिल्यांदा बघतोय. तिचे दोन्ही हात पुन्हा थरथरायला लागले. ह्या वेळी भीतीनं नव्हे. तिनं ते लपवलेही नाहीत.

मागं चाचा येऊन उभे होते, एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात कप. टाकीकडे बघून त्यांनी मान किंचित लववली, मोठ्या माणसासमोर लववतात तशी.



"चाचा," चारुता म्हणाली, "मी हलकं करत गेले तसा तो जास्तच थरथरत गेला. तुम्ही ओझं टाकलंत आणि तो थांबला. असं का?"

चाचांनी कप तिच्या हातात दिला आणि त्यात चहा ओतायला लागले. अर्धा झाला. भरला. तरी ओततच राहिले. चहा काठाच्या वर टरारून उभा राहिला तेव्हा त्यांनी किटली मागे घेतली.

चारुतानं श्वास रोखला. दोन्ही तळव्यांत तो गरम कप धरून ती उभी राहिली. खाली एक थेंबही सांडला नाही.

चाचांनी तिच्या हातांकडे पाहिलं.

"हे हात का थांबले, ते आधी तू सांग, बाय."