दळणारी आणि खोबरेल

मंगळवार, पौष महिना, सकाळी साडेसात. स्थळ: राजवाड्यामागचे खेळघर. हजर माणसे: महाराज, शेजारच्या राज्याचे पाहुणे, कारभारी रंगोपंत आणि खेळघराचा राखणदार विश्राम तांबट. सत्तर वर्षे चाललेले एक खेळणे या वेळी, या जागी मोडले. ते कसे मोडले, त्याची ही गोष्ट.

एका नगरात एक खेळघर होते. त्यात किल्लीवर चालणारी त्रेचाळीस जुनी पत्र्याची खेळणी होती. सोंड उचलणारा हत्ती होता, जमिनीवरच वल्ही मारणारा नावाडी होता. पण मुले गर्दी करत ती दळणारीपुढे. वीतभर उंचीची ही पत्र्याची बाई किल्ली दिली की जाते फिरवी. अकरा फेरे झाले की थांबे, हात कपाळाशी नेऊन घाम पुसे आणि पुन्हा दळू लागे. तिला घडवणारा कारागीर कधीच वारला होता. तिच्यासारखी दुसरी कुठेच नव्हती.

विश्राम एकतीस वर्षे ही खेळणी सांभाळत होता. आठवड्यातून एकदा तो प्रत्येकाला चारच पिळे देई, ते पुरते उतरू देई आणि मगच फडक्यात गुंडाळून ठेवी. ताणलेली स्प्रिंग तशीच ठेवली तर ती कायमची ढिली पडते, हे त्याला ठाऊक होते. वर्षातून एकदा तो चाकांना घड्याळाच्या पातळ तेलाचा थेंब देई, तोही सुईच्या टोकाने.

हे काम सोपे होते. अवघड काम होते नाही म्हणण्याचे. एका कारभाऱ्याला खेळणी चिंचेने घासून चकचकीत हवी होती. दुसऱ्याला ती उन्हात मांडायची होती. तिसऱ्याला तर सगळी नव्याने रंगवायची होती. विश्राम प्रत्येकाला समजावत आला. कारभारी बदलत गेले, समजावणारा मात्र एकटाच राहिला. आता त्याला बोलण्याआधीच दमायला होई.

पौषात पाहुणे येणार असे ठरले. घड्याळाचे तेल संपले होते. विश्रामने रंगोपंतांकडे तीनदा निरोप धाडला. चौथ्या दिवशी तेल आले. बुधलाभर खोबरेल.

विश्राम बुधला घेऊन कचेरीत गेला.

"पंत, खोबरेल थंडीत थिजतं. चाकं आवळतील."

"बायकांच्या डोक्याला चालतं ना? मग या बाईच्या पोटाला काय धाड भरली?" रंगोपंत म्हणाले. कारकून खो खो हसले. "विश्रामा, तुझ्या तोंडून एकदा तरी 'हो' ऐकू दे रे. महाराजांच्या पाहुण्यांसमोर सगळी खेळणी नाचली पाहिजेत. तेल घाल आणि मोकळा हो."

घरी येऊन त्याने बायकोला, सारजाला, सगळे सांगितले. ती भाकरी थापत होती.

"अहो, किती जणांशी भांडणार? एकदा हो म्हणा. सगळ्यांची काळजी तुमच्याच डोक्यावर आहे का?"

त्याला ते पटले असे नाही. पण भांडायचे बळ उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने सगळ्या खेळण्यांना खोबरेल घातले. उन्हात तेल पातळ होते. खेळणी छान चालली. आपणच उगाच घाबरलो, असे त्याने स्वतःला सांगितले. ते खोटे आहे हेही त्याला कळत होते.

मंगळवारी सकाळी बोटे आखडतील अशी थंडी होती. रंगोपंतांनी दळणारी स्वतः टेबलावर ठेवली आणि किल्ली दिली. जाते हलले नाही.

"पिळे कमी पडले असतील," ते पाहुण्यांकडे पाहून हसले आणि पिळत राहिले. सहा. सात. आठ.

विश्राम दोन हातांच्या अंतरावर उभा होता. 'थांबा' एवढाच शब्द हवा होता. तो त्याच्या जिभेवर आलाही. पण पुढचे सारे त्याला आधीच ऐकू आले, ती थट्टा, ते हसणे. त्याने मान खाली घातली.

आतून तट्ट असा आवाज झाला. दळणारीचा हात कपाळाच्या दिशेने अर्धवट उचलला गेला आणि तिथेच राहिला.

"काय झालं?" महाराजांनी विचारले.

"जुनंपुराणं खेळणं, महाराज. कधीतरी मोडणारच," रंगोपंत म्हणाले.

"जुनं होतं, पण धड होतं," विश्राम म्हणाला. "खोबरेल थिजलं, चाकं आवळली, स्प्रिंग तुटली."

"तेल कोणी घातलं?"

"मीच, महाराज."

"थिजतं हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग किल्ली पिळताना बोलला का नाहीस?"

विश्रामने मोडलेली दळणारी फडक्यात गुंडाळली.

रंगोपंत घाईने पुढे आले. "पाहुणे खोळंबलेत. तो हत्ती आण. त्याची किल्ली दे."

विश्रामने टेबलावरच्या बेचाळीस किल्ल्या उचलून उपरण्यात बांधल्या.

"नाही, पंत. आतली चाकं रॉकेलनं धुऊन खोबरेल निघेपर्यंत एकही किल्ली मिळणार नाही. मला काढून टाका. पण हत्तीला हात लावू नका."

या वेळी कोणी हसले नाही. हत्ती वाचला, नावाडी वाचला, बेचाळीसच्या बेचाळीस वाचली. दळणारी मात्र गेली. तशी स्प्रिंग घडवणारा माणूस शोधूनही सापडला नाही.

महाराजांनी त्याच दिवशी चौकशी नेमली. चौकशीचे प्रमुख म्हणून रंगोपंतांचेच नाव जाहीर झाले. विश्रामचा जबाब सात वेळा घेतला गेला. खोबरेल कोणी पाठवले, हा प्रश्न त्या सातांपैकी एकाही जबाबात नाही. तो का नाही, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

तात्पर्य: ज्याला कळते त्याने थकून मान खाली घातली, की ज्याला कळत नाही त्याचा हुकूम चालतो. जपणाऱ्याचे पहिले काम वेळेवर नाही म्हणणे हे आहे, आणि त्या कामाला रजा नसते.