माथ्यावरची इर्जिक

फार पूर्वी, म्हणजे डोंगरांना माणसांशी बोलायचा कंटाळा यायच्याही आधी, एका डोंगराच्या उतरणीवर एक गाव होतं. गाव कसलं, मूठभर घरं आणि त्यांच्या डोक्यावर माथ्यापर्यंत चढत गेलेली रानं. सकाळी ढग खाली येऊन अंगणात बसत, आणि बाया त्यांना जरा सरका म्हणून सडा घालत. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटेल. वाटू द्या. त्या बायांना त्यात काही नवल वाटत नसे.

गावात पुरुष मात्र फार नव्हते. दूर राजाच्या नगरीत तट बांधायचं काम निघालं होतं, तिथे ते दगड वाहायला गेले होते. जाणारच. दर पावसाळ्यात रानातली माती पाण्याचा हात धरून निघून जायची आणि मागे उरायचे नुसते दगड. दगडात नाचणी पिकत नाही. मग रानं सांभाळायची ती बायांनीच, आणि पिकलं नाही तर बोल ऐकायचे तेही बायांनीच.

सगळ्यात खालचं, ओढ्याकाठचं रान हौसाचं. हौसा बोलकी, खटपटी आणि चांगलीच हट्टी बाई. शिमग्याला तिचा घरधनी दोन दिवस घरी आला होता. जाताना त्याने रानात उभं राहून पायाने माती उकरून पाहिली. बोटभर खाली दगडच लागला.

"औंदाबी माती गेली, तर दिवाळीला गाडी घिऊन येतो," तो म्हणाला. "घर आवरून ठेव. तिकडं खोपटात ऱ्हाऊ, पर दोन येळंला खाऊ."

तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. हौसाला ते कळत होतं, म्हणून तिने त्याला वाटेची भाकरी बांधून दिली. पण त्या दिवसापासून तिच्या छातीवर जणू जातं येऊन बसलं. या उतरणीवर ती नांदायला आली होती, इथेच तिची लेकरं रांगली होती. इथे ती रानाची मालकीण होती, तिथे मुकादमाच्या हाताखाली पाटी उचलणार होती. तिला जायचं नव्हतं.

माती राखायला बांध घालावा लागतो आणि बांध काही एकट्या बाईच्याने होत नाही. त्यासाठी त्या गावात इर्जिक होती. इर्जिक म्हणजे काय, तर जिला गरज असेल तिने अंगणात उभं राहून हाक द्यायची. मग घराघरातून बाया कुदळी, पहारी, पाट्या घेऊन निघायच्या आणि दिवसभर तिच्या रानात राबायच्या. मजुरी कुणी मागायचं नाही. रीत एवढीच, की जिचं रान तिने सगळ्यांना जेवू घालायचं, आणि तेही साधंसुधं नव्हे, गुळाची लापशी पाहिजे. लापशीशिवाय इर्जिक झाली तर तो बांध टिकत नाही, असं जुन्या बाया सांगत.

खरं सांगायचं तर लापशी खाऊनही टिकत नव्हता. खालच्या रानांतल्या बाया त्यातल्या त्यात खाऊन-पिऊन बऱ्या, म्हणून इर्जिक व्हायची ती खालच्या रानांतच. बांध घातला जायचा आणि आषाढात फुटायचा. बाया म्हणायच्या, बांध ठेंगणा झाला गं. पुढच्या वर्षी तो हातभर वाढवायच्या. मग पाणी त्याला हातभर जास्त जोराने फोडायचं. असं किती वर्षं चाललं होतं ते डोंगरालाच ठाऊक.

हौसाने त्या वर्षी कमरेइतका उंच बांध घालायचं ठरवलं. सुगीला ती खालच्या मुलखात गहू काढायला गेली आणि मजुरीचा गहू पाठीवरून वर घेऊन आली. गुळाची एक ढेप घेतली. लेकरांनी कितीही लाडीगोडी लावली तरी तिने त्या ढेपेला नख लावू दिलं नाही. एका इर्जिकीपुरतं सगळं जमलं. दुसरीपुरतं जमणार नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

हाक द्यायच्या आदल्या दुपारी ती रानात जांभळीखाली जरा टेकली. ऊन पिवळंधमक, पानं निजलेली, ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक टिटवी तेवढी बोलत होती. हौसाचा डोळा लागला की नाही कोण जाणे. पण तिला दिसलं, की डोंगरावरून एक परकरी पोर पळत येतेय. ओलेते केस, पायांत वाळे, आणि हातात गच्च धरलेला दुसऱ्या एका तांबूस, गुबगुबीत पोरीचा हात. हौसाने ओळखलं. पळणारी ती पाणी होती, आणि तिने ओढून नेलेली ती माती.

हौसाने झटकन पुढे होऊन तिचा परकर धरला.

"थांब गं सटवे," ती म्हणाली. "वर्साला माजा बांध मोडतीस. काय वाकडं केलं मी तुजं?"

पोर धापा टाकत होती. "मावशे, मला का हौस हाय पळायची?" ती म्हणाली. "वर माथ्यावर मला कुनी बस म्हनत न्हाई. तितनं जी घसरते, ती मग पायच थांबत न्हाईत. तिकडं कुनी घटकाभर बसवली असती, तर हितवर चालत आले असते की."

एवढं म्हणून ती परकर सोडवून गेलीच. हौसा दचकून उठली तेव्हा रान कोरडं ठाक होतं आणि टिटवी अजून बोलत होती.

तिने डोळ्यांना पाणी लावलं आणि तशीच चढण चढून माथ्यावर गेली. तिथलं रान ठकूआजीचं. ठकूआजीला पुढेमागे कुणी नव्हतं. गावातल्या प्रत्येक इर्जिकीला ती यायची, मुकाट्याने दगड वाहायची, शेवटच्या पंगतीला बसायची आणि निघून जायची. तिच्या रानात जायची वेळ मात्र कधी कुणावर आली नव्हती. हौसा पहिल्यांदाच तिथे उभी राहिली. सगळा उतार उघडाबोडका, ना बांध, ना झुडूप. पाण्याने पाडलेल्या घळी तिथूनच सुरू होत होत्या आणि खाली जाता जाता रुंदावत होत्या.

हौसाने तिला विचारलं, की आजी, तू इर्जिकीची हाक कधीच कशी दिली नाहीस. म्हातारीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हाक दिली तर समद्या येतील गं," ती म्हणाली. "आल्यावर त्यास्नी घालू काय खायाला?"

 इतकी वर्षं आपण या म्हातारीच्या हातून दगड वाहून घेतले, आणि तिची चूल कशी पेटते ते कधी पाहिलं नाही, याची हौसाला लाज वाटली.

लाज वाटणं सोपं असतं. पुढचं अवघड होतं. घरी येऊन ती गव्हाच्या मडक्यापाशी बसली. लापशी एकदाच होणार होती. ती माथ्यावर खर्ची घातली तर तिचं स्वतःचं रान तसंच उघडं राहणार होतं, आणि दिवाळीला गाडी येणार होती. एका जांभळीखालच्या स्वप्नावर कुणी घरदार लावतं का? तिने मडक्याचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. पण त्या घळी तिने स्वप्नात नाही, डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

सकाळी तिने हाक दिली. बाया जमल्या आणि सवयीने ओढ्याच्या वाटेला लागल्या. तेव्हा हौसाने सांगितलं, की आजची इर्जिक माझ्या रानात नाही, ठकूआजीच्या रानात आहे. मग काय विचारता. कुणी म्हणालं हिला ऊन लागलं, कुणी म्हणालं एवढी चढण चढायची तर कालच सांगायचं. तिची जाऊ तर कुदळ टाकून खालीच बसली.

"जिचं रान तिची लापशी, ही रीत हाय," जाऊ म्हणाली. "म्हातारीच्या रानात तुजी लापशी कशी चालंल?"

"मग आज रीत इसरू या की," हौसा म्हणाली. "लापशी गोड हाय का तेवढं बघा."

आणि ती गव्हाचं मडकं डोक्यावर, गुळाची ढेप काखेत घेऊन चढायला लागली.  मग गूळही वर चाललाय हे पाहून बायांचे पायही वर चालू लागले. माणसाचं असंच असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माथ्यावर हात भरपूर आणि दगड त्याहून भरपूर. दिवस कलेपर्यंत उतारावर आडवे बांध उभे राहिले. उंच नव्हेत, गुडघ्याएवढे. ठकूआजी त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसली. आपल्याच रानात पंगत बसलेली तिला माहीत नव्हती, घास तोंडापर्यंत जायचा आणि परत पानात यायचा.

त्या माथ्यावरून बायांना पहिल्यांदाच आपली सगळी रानं एकाखाली एक दिसली आणि घळी कुठून कुठे जातात तेही दिसलं. आता ठकूआजीच्या रानाला लागून खाली असलेलं रान बांधायला हवं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. पण त्या रानाच्या मालकिणीपाशीही लापशीपुरते गहू-गूळ नव्हते. ती मान खाली घालून उभी राहिली. तेव्हा ठकूआजी म्हणाली, की मी उद्या येते, माझी भाकरी मी बांधून आणीन. दुसरीही तेच म्हणाली, मग तिसरी. रुसून बसलेल्या जावेने तर जास्तीची एक भाकरी आणायचं कबूल केलं.

अशी ती इर्जिक रोज एकेक रान उतरू लागली. पण पाऊस काही हौसाच्या रानाची पाळी यायची वाट बघत थांबला नाही. तिचं रान तेवढं राहिलं आणि आभाळ फाटलं.

हौसा इरलं पांघरून रानात जाऊन उभी राहिली.  आपण लेकरांच्या तोंडचा गूळ म्हातारीच्या माथ्यावर नेऊन ओतला, असं तिला त्या घडीला वाटलं आणि आपल्याच शहाणपणाचा राग आला. वरून पाणी येताना दिसलं. तिने डोळे मिटून घेतले.

गडगडाट झाला नाही. तिने डोळे उघडले, तर पाणी चालत येत होतं. बांधाबांधावर बसत, टेकत, सावकाश. माती कुठे कुठे हातातून सोडून देत, उरलेली थोडी घेऊन ते हौसाच्या रानात शिरलं, गेल्या वर्षीच्या मोडक्या बांधाशी जरा घुटमळलं आणि ओढ्यात उतरलं. कोपऱ्यातला एक वाफा गेला. बाकीचं रान जागच्या जागी होतं, वर गाळाचा नवा थर बसला होता. हौसा चिखलात फतकल मारून बसली आणि मनसोक्त रडली.

दिवाळीला तिचा घरधनी गाडी घेऊन आला. घर आवरलेलं नव्हतं. त्याने तशीच रानाची वाट धरली. नाचणी कमरेला लागत होती. त्याने शिमग्यासारखीच पायाने माती उकरली, आणि उकरतच राहिला.

"बांध तर तुजा मोडकाच हाय," तो म्हणाला. "मग माती कुनी राखली?"

"वरच्या बायांनी," हौसा म्हणाली. "तितनं सुरवात केली. आमी कुठं जात न्हाई. तुमी ऱ्हाता का, बोला."

त्याने वर माथ्यापर्यंत एकेक बांध नजरेने मोजल्यासारखा पाहिला. मग गाडीचे बैल सोडले आणि त्यांना चारा टाकला. दुसऱ्या दिवशी हौसाच्या रानात इर्जिक झाली. पाठीवर भाकऱ्या बांधून सगळ्या बाया आल्या, आणि पाटी उचलायला त्यांच्यात एक गडी होता.

पुढे ती उतरण हिरवी झाली, नगरीतून एकेक माणूस परतू लागला आणि लापशी फक्त सणाला उरली. इर्जिकीची हाक मात्र अजून माथ्यावरूनच देतात. कारण खालून मारलेली हाक वर पोचेपर्यंत विरते, वरची खाली सगळ्यांना ऐकू येते.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: गाव सावरायचं असेल, तर जिला हाक द्यायचीही ऐपत नाही तिच्या रानापासून सुरुवात करावी, तिचं रान राहिलं की आपलंही राहतं.