तपासणीचा खड्डा

वाघदऱ्याच्या राजेसाहेबांनी हुकूम काढला: गोठ्यातल्या गाई भाद्रपदात देतात तितकंच दूध त्यांनी वैशाखातही दिलं पाहिजे. नाही दिलं, तर गोठ्याचा मुकादम रायाजी याने राहतं घर सोडून चालू लागावं. हुकूम गाईंना वाचून दाखवायचा राहिला, एवढीच काय ती उणीव.

रायाजीने डोक्याला हात लावला. "वैशाखात हिरवा चारा कुठून आणू? नुसत्या कडब्यावर गाय निम्म्यावर येते."

"हिरवा आत्ताच पुरून ठेवू, बाबा," त्याची लेक सारजा म्हणाली.

मामाच्या गावी तिने मुरघास पाहिला होता. दाण्यात दूध भरलेला मका कापायचा, तुकडे करून खड्ड्यात गच्च तुडवायचा, वरून मातीने लिंपायचा. वारा शिरला नाही, तर तो लोणच्यासारखा मुरतो आणि वर्षभर टिकतो.

बापलेकीने खड्डा भरला. माती वाळायच्या आत कारभारी अंतोजीपंत हजर.

"दीड महिना उघडायचा नाही, पंत," सारजा म्हणाली. "वारा लागला की सडतो."

"सरकारी मका आणि तपासणी नाही? दर सोमवारी उघडून बघणार."

"मग बघायला काही उरायचं नाही."

"ते मी दफ्तरात लिहीन. तू शेण काढ."

सारजाने पुढे वाद घातला नाही. पंतांनी दर सोमवारी माती फोडली, नाकाला उपरणं लावून आत डोकावलं आणि नोंद केली: 'खड्डा समाधानकारक.' तिसऱ्या सोमवारी घाण सुटली. पण दफ्तरात वासाचा रकाना नव्हता.

वैशाखात राजेसाहेब स्वतः गोठ्यात आले. दूध मोजलं. भाद्रपदापेक्षा दोन शेर जास्तच भरलं.

"सगळी तपासणीची करामत, सरकार," पंत पुढे झाले आणि त्यांनी मोठ्या दिमाखात खड्डा उघडला.

आत काळी बुरशी! राजेसाहेब चार पावलं मागे सरले. "हे माझ्या गाईंना घातलंस, रायाजी?"

सारजा पुढे आली. "याला गाय तोंड लावत नाही, सरकार. गाईंचा खड्डा इकडे आहे."

तिने कडब्याच्या गंजीमागची माती सारली. पिवळसर हिरवा मुरघास, आंबूस गोड वास. गाईंनी दावी ताणली.

"हा खड्डा कोणाच्या परवानगीने?" पंत कडाडले.

"थांबा, पंत," राजेसाहेब म्हणाले. "पोरी, दोन खड्डे कशाला?"

"हा गाईंना खायला, तो पंतांना तपासायला. एकच असता, तर दफ्तर भरलं असतं आणि चरव्या रिकाम्या राहिल्या असत्या."

राजेसाहेब पोट धरून हसले. घर कायमचं रायाजीच्या नावावर झालं. सारजाला दोन दुभत्या गाई मिळाल्या. आणि तो समाधानकारक खड्डा उपसण्यासाठी पंतांच्या हातात घमेलं देण्यात आलं.