एकशेचाळीस खाटा आणि एक पलंग

“मग पेशंट कुठं जाणार?” केळुसकर सरांनी मान वर न करताच विचारलं.

झालं! दोन वर्षं खपून आल्हादनं शहरातल्या जुन्या धर्मादाय इस्पितळाचा नवा आराखडा केला होता. दगडी वॉर्डाच्या भिंती तशाच ठेवून आतून सगळं नवं करायचं, भोवती सात-सात मजले चढवायचे. दोनशेच्या पाचशे खाटा. उद्या विश्वस्तांची बैठक होती, आणि त्याच्या या म्हाताऱ्या गुरूची सही असल्याशिवाय ते आराखडा मंजूर करणार नव्हते.

आणि गुरू काय करत होते? पलंगाची फाटकी नवार पट्टी-पट्टीनं बदलत होते. पलंगावर काकू. खुब्याचं हाड मोडल्यामुळं महिनाभर आडव्या, पडल्या पडल्या लसूण सोलत होत्या.

“जुन्या वॉर्डातले एकशेचाळीस पेशंट गावाबाहेर नेऊ, सर. शेडमध्ये. तीनच वर्षं.”

“आणि मग?”

“मग परत आणू.”

“कोण आणणार?”

आल्हाद वैतागला. हा कसला प्रश्न?… तेवढ्यात त्याला कोनाड्यात एक कार्ड दिसलं. घोरपडे, आर्किटेक्ट. हेच काम घोरपड्यांनाही हवं होतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

“घोरपडे येऊन गेले वाटतं?”

“आले होते. चहा घेतला, गेले.”

“काय म्हणत होते?”

“साखर कमी पडली म्हणाले.”

नुसता चहा प्यायला घोरपडे तीन जिने चढून येतो? म्हातारा फितूर झाला, आल्हादला वाटलं. आणि फार वाईटही वाटलं. याच माणसानं त्याला पेन्सिल धरायला शिकवलं होतं.

“सर, स्पष्ट बोला. सही करायची नाही ना?”

“हे टोक धर जरा.”

त्यानं धरलं, पण रागानं.

“जागा रिकामी झाल्याशिवाय काम कसं होणार? सांगा ना! आत माणसं झोपलेली असताना कुणी बांधकाम केलंय?”

जुन्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला सरांनी नवी पट्टी टाचली.

“हं, ओढ. सावकाश.”

आल्हादनं ओढली. जुनी पट्टी बाहेर आली, तिच्यामागून नवी काकूंच्या पाठीखाली सरकली. काकूंचा लसणावरचा हात थांबलासुद्धा नाही.

त्यानं वाकून पलंगाखाली पाहिलं. अर्ध्याहून जास्त नवार नवी होती. एवढ्या बोलण्यात कधी केली यांनी?…



“सर… काकूंना आधी खाली घेतलं असतं, तर सोपं गेलं नसतं का?”

सरांनी पुढची पट्टी उचलली.

“मीही तेच म्हटलं. ही म्हणाली, आधी पलंग विणून दाखवा, मग उतरते.”